आधी अख्खं ऐक, मग आकडा सांग

‘भारी आहे, ऐक.’ एवढं लिहायचं, खाली लिंक चिकटवायची आणि मोकळं व्हायचं. घेणाऱ्यानं पुढच्याच मिनिटाला अंगठा दाखवायचा. अल्बम चाळीस मिनिटांचा आणि पसंती एका मिनिटात पोचलेली. पाठवणाऱ्यानं तो शेवटपर्यंत ऐकलेला नसतो, घेणाऱ्यानं उघडलेलाही नसतो, तरी दोघांचा व्यवहार पुरा होतो. वडूजच्या बाजारात कुणी खात्री नसलेलं कांद्याचं बी दुसऱ्याच्या गळ्यात मारलं, तर पुढच्या हंगामात त्याला लोक रस्त्यात अडवून विचारतील. संगीताच्या बाबतीत कुणी कुणाला जाब विचारत नाही. तो आज विचारायचा आहे, पाठवणाऱ्यालाही आणि गुण देणाऱ्यालाही.

आम्ही वडूजमधले काही जण शनिवारी रात्री एकत्र बसून अल्बम ऐकतो. औषधांच्या दुकानाचे मालक, हायस्कूलचे निवृत्त मास्तर, एसटीत हयात घालवलेले एक कंडक्टर, बी.एस्सी.ला असलेली एक मुलगी, आणि काढणीचे दिवस नसतील तेव्हा येणारे दोघे-तिघे शेतकरी. बाकीच्यांनी न ऐकलेला अल्बम दर वेळी एकानं आणायचा. फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचे. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही, चहा नंतर. मग प्रत्येकानं दहापैकी गुण द्यायचे आणि का दिले ते सांगायचं. कारण सांगता आलं नाही तर गुण वहीत चढत नाहीत.

या बैठकीमुळं एक गोष्ट मला पक्की कळली आहे. अनोळखी संगीत ऐकायला लावणं ही जबाबदारीची गोष्ट आहे. आपण दुसऱ्याच्या आयुष्यातला पाऊण तास मागत असतो. तो मागताना आपण स्वतः त्या अल्बममध्ये नेमके कुठं अडकलो, हे तरी सांगायला हवं. कुठल्या तुकड्यात, कुठल्या वाद्यापाशी, काय झालं. हे सांगता येत नसेल तर तुम्ही तो ऐकलेला नाही, नुसता चालू ठेवून दुसरं काम केलेलं आहे. मग पाठवू नका.

शिफारस कशी असावी, ते मला कोइंबतूरच्या एका पोरानं शिकवलं. आमच्या बैठकीतल्या एकाचा तो भाचा, गलाईच्या दुकानात कामाला. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या कोरड्या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. ज्या गावात सराफकट्टा, त्या गावात आपला माणूस. त्यानं मामाला इलयाराजा यांचा 1986 सालचा ‘हाऊ टु नेम इट’ हा अल्बम पाठवला आणि सोबत आवाजी निरोप: “मामा, ह्यात गाणं न्हाय, नुसती वाद्यं हायत. पयल्यांदा कायबी कळणार न्हाय, तरी बंद करू नका. दुकान बंद झाल्यावर भट्टी थंड हुईस्तवर मी ह्योच लावतो. व्हायोलिनकडं ध्यान द्या. एक न्हाय, लई हायत.”

एवढ्या निरोपात सगळं आलं. काय नाही ते सांगितलं, काय अवघड जाईल ते सांगितलं, तो स्वतः कधी ऐकतो ते सांगितलं आणि कान कुठं ठेवायचा तेही. असा निरोप कुठलंही ॲप देणार नाही. ॲप तुम्हाला कालच्यासारखंच आज देतं, कारण काल तुम्ही काय ऐकलं एवढंच त्याला ठाऊक असतं. कोइंबतूरच्या पोराला मामा ठाऊक होता. मामा भजनी मंडळात पखवाज वाजवतो, त्यानं तमिळ ऐकलेलं नाही, आणि तरीही याला हे झेपेल, असा भरवसा त्यानं टाकला.

अल्बम लावला. व्ही. एस. नरसिंहन यांचं व्हायोलिन, मागं वाद्यवृंद. इलयाराजांनी हा अल्बम त्यागराज आणि बाख या दोघांना अर्पण केलेला आहे, आणि ‘आय मेट बाख इन माय हाऊस’ नावाचा तुकडाच त्यात आहे. पहिल्या शनिवारी गुण पडले ते चार-पाचच्या आसपास. मास्तरांनी कारण दिलं: “कशाचा हात धरावा ते कळेना.” कारण खरं होतं. आपला कान एका ओळीचा आहे. मागं तंबोरा, पुढं एक गळा किंवा एक वाद्य, आणि हार्मोनियम किंवा सारंगी आली तरी ती त्या गळ्याच्या पावलावर पाऊल टाकत येणार. इथं तीन-चार ओळी एकदम चालतात, प्रत्येकीचं आपलं स्वतंत्र चालणं, आणि त्यातल्याच एका ओळीवर कर्नाटक संगीतातली गमक फिरते. ऐकणाऱ्यानं मुख्य गाणारा शोधत बसायचं ठरवलं की तो हरवला.

पुढच्या शनिवारी तोच अल्बम परत लावला. या वेळी कंडक्टर म्हणाले, “एक व्हायोलिन दुसऱ्याच्या मागं जातच न्हाय. दोघांचं आपापलं चाललंय, पण भांडण न्हाय.” पाश्चात्य संगीताच्या शाळेत ज्या गोष्टीवर वर्षभर धडे देतात, ती यांना दुसऱ्या ऐकण्यात सापडली. मास्तरांनी चाराचे सात केले. एका माणसाचे तीनच राहिले. त्याचं म्हणणं, सगळं फार नीट बसवलेलं आहे, कुठं हात सुटत नाही. हे तीन गुणही वहीत चढले, कारण ते पूर्ण ऐकून, कारणासकट आले होते.

आता गुण देणाऱ्यांकडं वळतो. पहिल्या मिनिटात पसंती देणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. 1 ऑगस्ट 1971ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मोठा कार्यक्रम झाला. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ मंचावर बसले, वाद्यं लावून घेतली, आणि हजारोंच्या त्या गर्दीनं टाळ्यांचा कडकडाट केला. वाद्यं नुसती जुळवली जात होती. तुम्हाला सूर लावणंच इतकं आवडलं, तर वाजवणं आणखी आवडेल, अशी आशा रविशंकर यांनी तिथं बोलून दाखवली. त्या लोकांना दोष कमी द्यावा, त्यांनी असं काही आधी पाहिलेलं नव्हतं आणि ते शेवटपर्यंत बसले. आजचा अंगठेवाला बसतसुद्धा नाही.

मोठ्या शहरात गुण देणं सोपं आहे. तिथं गुण देणारा आणि अल्बम सुचवणारा परत भेटतीलच असं नाही. वडूजसारख्या गावात माणसं रोज भेटतात. ज्याच्या दुकानातून औषधं उधारीवर न्यायची त्याच्या आवडीला चार गुण कसे द्यायचे? ज्या मास्तरांनी आपल्याला आणि आपल्या पोराला शिकवलं त्यांनी आणलेला अल्बम रटाळ आहे, असं तोंडावर कसं म्हणायचं? म्हणून छोट्या गावात सगळ्यालाच आठ गुण पडतात. ‘छान आहे.’ ‘वेगळं आहे.’ ‘ऐकायला बरं वाटतं.’ ही तिन्ही वाक्यं मी बैठकीत बंद करायला लावली आहेत. हा आठाचा रोग संगीतापुरता नाही. गावातल्या एकांकिकेला, कवितासंग्रहाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला, सगळीकडं आठच. त्यातून कुणी वाईट होत नाही आणि कुणी चांगलंही होत नाही. ज्याला खरोखर नऊ गुण मिळायला हवे होते, त्याचा नऊ आम्ही आठांच्या गर्दीत बुडवतो. हा अन्याय आहे, आणि तो भिडस्तपणाच्या नावाखाली रोज चालतो.

कमी गुण देणं म्हणजे अपमान करणं नव्हे. शेवटपर्यंत ऐकून, कारण देऊन चार गुण दिले, म्हणजे समोरच्याच्या आवडीसाठी आपण पाऊण तास खर्च केला. यापेक्षा मोठा मान कुठला? अपमान तो, जो न ऐकता दिलेल्या आठात आहे.

आमच्या वहीतले मला सगळ्यात मोलाचे वाटणारे गुण सहा आहेत. त्याची हकिकत सांगण्यासारखी आहे.

औषध दुकानवाल्यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आणला होता. 1967ची ही लाँगप्ले. शिवकुमार शर्मा यांचं संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार. तबल्यावर माणिकराव पोपटकर. एचएमव्हीतून ती काढणारे जी. एन. जोशी, मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस रागांच्या क्रमानं मांडायचा, ही त्यामागची कल्पना. अहीर भैरवानं उजाडतं आणि पहाडीपर्यंत येऊन दिवस संपतो. संतूरला शास्त्रीय मैफलीत जागा मिळून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. 1955मध्ये मुंबईच्या हरिदास संगीत संमेलनात शिवकुमारांनी ते वाजवलं, तेव्हा जाणकारांचा आक्षेप होता की या वाद्यातून मींड निघत नाही, तुटक आवाजात राग कसा उभा राहणार? त्यांनी तारांची रचना बदलली, वाद्य मांडीवर घेतलं आणि वाजवत राहिले. ज्यांनी 1955मध्ये शून्य दिलं होतं, त्यांतल्या किती जणांनी पुढं आपला आकडा बदलला असेल, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

त्या रात्री बैठकीला एक पाहुणे होते. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. धनगर समाजातले, मेंढरं राखून म्हातारे झालेले, आणि गजीचे ढोलकरी. माण-खटावात गजी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो: धनगरांचा रिंगण धरून केलेला नाच, हातात रुमाल, ढोल आणि झांजांचा ठेका, आणि चाल हळूहळू चढत जाते. तात्यांनी संतूर पहिल्यांदाच ऐकलं. डोळे मिटून, मांडीवर एका बोटानं ठेका धरून ते बसले होते. बासरी आली तेव्हा बोट थांबलं. तबला सुरू झाला तेव्हा ते परत चालू झालं, पण तबल्याच्या ठेक्यावर नाही, त्याच्या दुप्पट संथ.

संपल्यावर बी.एस्सी.च्या मुलीनं नऊ गुण सांगितले. कारण विचारलं तर म्हणाली, “शांत वाटलं.” वहीत चढवले नाहीत. शांत वाटण्याला पंख्याचा आवाजही पुरतो. तिला राग आला आणि तो यायलाच हवा होता. दोन दिवसांनी तिनं मला गाठून सांगितलं की गिटार बासरीचं वाक्य अर्ध्यातून उचलते आणि भलतीकडं नेते, तिथं तिला गंमत वाटली, आणि त्यासाठी नऊ. तेव्हा चढवले.

तात्यांना विचारलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सकाळ लई चांगली घेतलीया. पाव्यावाल्याला दम हाय. पर ह्या मेंढक्याला दिसभर पाणी हुडकावं लागत न्हाय.”

मी विचारलं, “म्हणजे कमी काय पडलं?”

“दुपार न्हाय ह्यात. उन्हाचं मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकं घालून हुबी ऱ्हात्यात, तवा मेंढका कायबी वाजवत न्हाय. ती येळ ह्यात नाय. सहा द्या.”

रागसमयाचं शास्त्र तात्यांना माहीत नाही. त्यांनी आपल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या दिवसावर तो अल्बम ठेवून पाहिला आणि तो कुठं बसतो, कुठं बसत नाही ते सांगितलं. काश्मीरचा मेंढपाळ झऱ्याकाठी राहतो, माणदेशातला टँकरची वाट बघतो. तेव्हा अल्बमला दोष द्यायचं कारण नाही, असं मास्तर म्हणाले. त्यावर दोघांचं अर्धा तास चाललं, आणि त्या अर्ध्या तासात त्या अल्बमबद्दल मी जे ऐकलं ते मी कुठल्याही परीक्षणात वाचलेलं नाही. माझे स्वतःचे गुण साडेआठ आहेत आणि मी ते कमी केलेले नाहीत. पण अल्बम परत लावला की मी आता ती दुपार शोधतो.

आकड्यांचा हा नाद आपल्याला कुठून लागला? माझ्या पिढीला तो रेडिओनं लावला. 1952मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सायानी यांचा आवाज, आणि गाणी पायदानावर चढत-उतरत. त्या कार्यक्रमानं हिंदी चित्रपटगीत गावोगाव पोचवलं, हे उपकार कुणी नाकारू नयेत. पण गाणं कसं आहे, हे विचारण्याआधी ते कितव्या नंबरावर आहे, हे विचारायची सवयही त्यानंच लावली. नंबर हा बाकीच्यांच्या पसंतीचा हिशेब असतो. त्यात तुमचा कान नसतो.

अमेरिकेत रॉबर्ट ख्रिस्टगाव यांनी 1969पासून अल्बमना शाळेतल्यासारख्या अक्षरश्रेणी द्यायला सुरुवात केली आणि ते काम अर्धं शतक चालवलं. प्रत्येक श्रेणीखाली चार ओळींचं कारण असायचं, आणि त्या चार ओळींसाठी लोक वाचायचे. पुढं ‘पिचफोर्क’ नावाच्या प्रकाशनानं तर दहापैकी गुण दशांशात द्यायला घेतले, सात पूर्णांक आठ आणि आठ पूर्णांक एक यांत फरक केला. 2021मध्ये त्यांनीच काही जुन्या अल्बमांना आपण दिलेले गुण बदलून जाहीर केले. लोकांनी टर उडवली. मला ते त्यांनी केलेलं सगळ्यात प्रामाणिक काम वाटतं. पहिल्या ऐकण्यातला आकडा हा कच्चा असतो. 1968मध्ये रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं प्रयोगांनी दाखवून दिलं की एखादी अनोळखी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा समोर आली तरी ती अधिक आवडू लागते. म्हणजे एकदाच ऐकून दिलेल्या कमी गुणांतला काही भाग अल्बमचा दोष नसतो, तो आपल्या अनोळखीपणाचा असतो. उलटही खरं: रोज कानावर आदळणाऱ्या गाण्याला आपण देत असलेल्या गुणांतला काही भाग त्याच्या कर्तबगारीचा नसतो.

मराठीत तर आपल्यासमोर याहून चांगला नमुना आहे. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या नावानं आपल्या काळच्या गायकांवर लिहिलं. ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ला संगीत देणारे तेच भोळे. त्यांनी आकडा दिला नाही. आवाजाची जात कोणती, ताना कशा येतात, कुठं गायक स्वतःच्या लकबीत अडकतो, हे लिहिलं. गुण सांगितले आणि दोषही सांगितले, तेही अशा गायकांचे, ज्यांना लोक देव मानत होते, आणि ज्यांची रोजची गाठभेट होत होती. छोट्या वर्तुळात राहून परखड लिहिता येतं, याचा हा मराठी पुरावा आहे. वडूजनं ‘इथं सगळे ओळखीचे’ ही सबब सांगू नये.

आणि अनोळखी संगीताला बसायचं कसं, हे शिकायला आपल्याला कुठं लांब जायला नको. औंध आपल्याच खटाव तालुक्यात आहे. पं. अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंध संस्थानचे गायक. त्यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ 1940मध्ये तिथं संगीत महोत्सव सुरू केला. आश्विन वद्य पंचमीला, कोजागरीनंतर पाचव्या दिवशी, तो आजही होतो. त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी तो पुढं नेला, 1981मध्ये शिवानंद स्वामी संगीत प्रतिष्ठान उभं राहिलं. पुण्या-मुंबईचे रसिक त्यासाठी गाड्या करून येतात. वडूजचे किती जण जातात? ‘आमचं ते नव्हे,’ असं म्हणणारे मला दर वर्षी भेटतात. ऐकल्याशिवाय कसं कळलं तुमचं नव्हे ते? आणि जे जातात त्यांतले काही सम यायच्या आधीच मान हलवतात, शेजाऱ्यानं बघावं म्हणून. त्यांच्यापेक्षा कंटाळा आला म्हणून सरळ उठून जाणारा मला जवळचा वाटतो.

गजाननबुवांचं उदाहरण तर प्रत्येक गुण देणाऱ्यानं समोर ठेवावं. ग्वाल्हेरची तालीम घरात, वडिलांकडून. गळा तयार, शिवाय व्हायोलिन हातात. एवढ्यावर त्यांचं आयुष्य सुखात गेलं असतं. पण ते रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिकले, जयपूर-अत्रौलीच्या भूर्जी खाँकडे शिकले, आग्र्याच्या विलायत हुसेन खाँकडे शिकले. आपल्या घराण्याच्या ओसरीवर बसून दुसऱ्या घराण्याला गुण देणं त्या काळात अगदी सोपं होतं, पुष्कळ जण तेच करत होते. त्यांनी परकी वाटणारी गायकी समोर बसून घेतली, आणि मग ग्वाल्हेर, जयपूर, आग्रा ही तिन्ही अंगं त्यांच्या शिष्यांत, उल्हास कशाळकरांच्या गाण्यात, आपल्याला ऐकायला मिळाली. आपल्याला तर नुसतं बसायचं आहे, गायचंही नाही.

गेल्या महिन्यात कोइंबतूरहून परत निरोप आला. मामानं आपले सात गुण आणि मास्तरांचं म्हणणं भाच्याला कळवलं होतं. भाचा खूश होता, आणि त्यानं मागणी केली: “आता तुमच्याकडचं कायतरी पाठवा. पिक्चरचं नगं, गावाकडचं. माझ्याबरुबर एक तमिळ पोरगा हाय दुकानात, त्येला ऐकवायचंय. त्यो गुण देणार हाय.”

सगळ्यांनी आपापले फोन उघडले. गजीचे तुकडे निघाले, दोन-दोन मिनिटांचे. कुठं चाल चढायच्या आत तुटलेले, कुठं वर निवेदक देणगीदारांची नावं वाचतोय, कुठं खाली डीजेचा ठेका चिकटवलेला. ओव्यांचंही तेच. ग्युंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक धनगरांच्या ओव्या आणि कथा जमवत वर्षानुवर्षं महाराष्ट्रात हिंडले आणि त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिले. 1992मध्ये ते गेले. जर्मनीचा माणूस इथल्या वाड्यावर येऊन रात्र-रात्र ऐकत बसला, आणि आम्हाला आमच्याच तालुक्यातली अख्खी गजी एका तमिळ पोराला पाठवता येईना. जगभरच्या अल्बमना गुण देणाऱ्या आमच्या वहीला याचं उत्तर द्यावं लागेल.

म्हणून ठरलं आहे की तात्यांचा ढोल आपणच मुद्रित करायचा. तात्यांनी तिथल्या तिथं अटी घातल्या. अख्खं घ्यायचं, मध्ये कापायचं नाही. सुरुवातीची संथ चाल लांबली तरी लांबू द्यायची. भाषण नाही, नारळ फोडणं नाही. मंडळींना जेवण घालायचं. भाच्याला निरोप कसा द्यायचा, तेही त्यांनीच सांगितलं: “त्येला म्हणावं, पयली चाल सोडू नगंस. तिथंच पाय ठरत्यात.”

अडलंय ते माइकपाशी. औषध दुकानवाल्यांकडे एकच आहे, तो स्टँडवर उभा करायचा बेत होता. तात्या म्हणाले, ढोलकरी एका जागी उभा राहत नाही, तो रिंगणाबरोबर फिरतो. माइक एका अंगाला ठेवला तर ढोल पाठ फिरवून पलीकडं गेला की नुसत्या झांजा ऐकू येतील. माइक रिंगणाच्या मधोमध उंच टांगावा, असं मास्तरांचं मत. मधोमध टांगला तर नाचणाऱ्यांच्या पायांचा आवाज येणार नाही, आणि पायांशिवाय गजी नाही, असं तात्यांचं. निदान दोन माइक आणि दोन्ही एकदम टिपणारं यंत्र लागणार, एवढ्यावर गाडी येऊन थांबली आहे. सातारा-सांगलीकडं हे काम करणारं कुणी असेल, तर त्यानं आपलं सामान घेऊन येत्या शनिवारी वडूजला यावं. भाडं आम्ही देऊ, जेवण तात्यांच्या घरी आहे.